रायफलींच्या लाकडी पेट्या : एक हरवत चाललेला पुरावा

इस्राएलच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास सांगताना रायफल, मशीनगन, विमान, जहाज या सर्वांची नावे घेतली जातात. ज्या लाकडी पेट्यांतून ही शस्त्रे देशात आली, त्या पेट्यांचे नाव मात्र कोणी घेत नाही. संग्रहालयात काचेआड रायफल उभी असते. तिच्या शेजारी तिची पेटी क्वचितच दिसते. वास्तविक १९४८ च्या वसंत ऋतूत यरुशलाईमचा रस्ता मोकळा होणार की नाही, हे काही दिवस अशा पेट्या वेळेवर पोहोचण्यावरच अवलंबून होते. म्हणून या लेखात आम्ही रायफलीऐवजी तिच्या पेटीचा विचार करण्याचे योजिले आहे. ती कशी असे, तिने कोणती कामगिरी केली, ती कोठे गेली, आणि आज ती शोधावयाची अथवा नव्याने घडवावयाची झाल्यास कोणते पथ्य पाळावे, हे वाचकांपुढे ठेवावे असा आमचा हेतू आहे.

हा विषय आपल्या समाजाला अगदीच परका नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत बेने इस्राएलांनी पिढ्यान्पिढ्या चाकरी केली. १७९६ साली मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे त्याच फौजेतील अधिकारी होते. एकोणिसाव्या शतकात आपल्यातील अनेकजण हवालदार, जमादार, सुभेदार या पदांपर्यंत चढले. पुढे जातवार पलटणी उभारण्याचे धोरण आले आणि लहान समाजाला फौजेत पूर्वीसारखे स्थान उरले नाही. तरीही घराघरांतून पलटणीच्या आठवणी राहिल्या. दुसरीकडे कोकणातून मुंबईस आलेल्या आपल्या लोकांपैकी कित्येकांनी सुतारकामावर संसार चालविले. बंदूक आणि रंधा या दोन्हींशी ज्या समाजाचा संबंध आला, त्याला बंदुकीच्या पेटीचे मोल वेगळे समजावून सांगावयास नको.

पेटी कशी असे

वरवर पाहणाऱ्यास रायफलीची पेटी म्हणजे एक लांबट खोके वाटेल. परंतु तिच्या घडणीत पुष्कळ विचार असतो. रायफल ही लांब, जड आणि एका टोकाला अधिक वजनदार अशी वस्तू आहे. चेकोस्लोव्हाकियातून आलेली माउझर रायफल सुमारे १ मीटर ११ सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ ४ किलो वजनाची होती. अशा दहा रायफली नुसत्या एकावर एक रचल्या तर आगगाडीच्या पहिल्याच धक्क्याला दस्त्याला चीर पडावी, नेमाची माशी वाकावी आणि नळीच्या तोंडाला खोच यावी. म्हणून पेटीच्या आत आडव्या पट्ट्या बसवीत. त्यांना नळीच्या आणि दस्त्याच्या मापाच्या खाचा पाडलेल्या असत. एका रायफलीचा दस्ता उजवीकडे तर दुसरीचा डावीकडे, अशी उलटसुलट मांडणी केली की वजन दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाई आणि जागाही वाचे. वरून दाबपट्टी बसली म्हणजे रायफल जागची हलत नसे.

पेटीसाठी बहुधा पाइन, स्प्रूस यांसारखे हलके आणि स्वस्त लाकूड वापरीत. पेटी उघडून पुन्हा वापरावयाची असेल तर झाकणाला स्क्रू अथवा बिजागरी आणि कडी असे. एकदाच पाठवावयाची असेल तर खिळे ठोकून मोकळे होत. दोन माणसांना उचलता यावी म्हणून दोन्ही टोकांना दोरीच्या मुठी अथवा लाकडी पट्ट्या असत. समुद्रप्रवासासाठी आत मेणकागद किंवा पत्र्याचे अस्तर लावीत आणि रायफलीला दाट ग्रीस फाशीत. खारी हवा आणि पोलाद यांचे वैर जुने आहे. त्या वैरात ग्रीस हाच मध्यस्थ.

प्रत्येक देशाची पद्धत निराळी होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात रायफल-मस्कतींची पेटी वीस नगांची असे. रशियाच्या मोसिन रायफलींच्या पेटीतही वीसच नग बसत. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात नेमबाजांसाठी दुर्बीण बसविलेली क्र. ४ रायफल काढली, तेव्हा तिच्यातील प्रत्येक नगासाठी स्वतंत्र लाकडी पेटी दिली; कारण त्या रायफलीचे आणि तिच्या दुर्बिणीचे नाते एकदा जुळविले की ते मोडून चालत नसे. हिंदुस्थानातील सरकारी सामानावर ब्रिटिशांचा रुंद बाण आणि त्यासोबत रोमन लिपीतील ‘आय’ हे अक्षर उमटविलेले असे. पेटीवरील असा एक ठसादेखील ती कोणाच्या मालकीची होती हे सांगून जातो.

खोटे बोलणारी पेटी

राजरोस फौजेच्या पेटीवर आतील मालाचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. ब्रिटिश मॅन्डेटच्या काळात एरेत्स इस्राएलमधील ज्यू वस्तीला मात्र खोटे बोलणाऱ्या पेट्या लागत. शस्त्र बाळगणे हाच गुन्हा असल्याने हागानाचे शस्त्र यावयाचे ते दुसऱ्याच मालाच्या वेषात. पोलंडमध्ये यहुदा अराझी यांनी १९३० च्या दशकात शस्त्रे मिळविली, ती रस्ता दाबण्याच्या रुळांच्या आणि यंत्रांच्या पोटात दडवून रवाना केली.

वेष फसला तर काय होते, याचे उदाहरण १६ ऑक्टोबर १९३५ रोजी याफोच्या बंदरात घडले. बेल्जियममधून आलेल्या पांढऱ्या सिमेंटचे ५३७ डबे जहाजातून उतरविले जात असता एक डबा फुटला आणि सिमेंटऐवजी काडतुसे बाहेर सांडली. तपासात त्यांपैकी ३५९ डब्यांत २५ लुईस मशीनगन, ८०० रायफली आणि ४ लाख गोळ्या सापडल्या. एका डब्याच्या फुटण्याने सगळा बेत तर बुडालाच. शिवाय अरब समाजात संतापाची लाट उसळली आणि सार्वत्रिक संप झाला. पुढील वर्षी जो अरब उठाव सुरू झाला, त्याआधीचे वातावरण तापविण्यात या घटनेचाही वाटा होता. वेष्टनाचा कमकुवतपणा किती दूरवर परिणाम करू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

देशात पोहोचलेले शस्त्र पुन्हा लपवावे लागे. त्या गुप्त कोठारांना ‘स्लिक’ म्हणत. शेतात, गोठ्याखाली, भिंतींच्या पोकळीत ती केलेली असत. २९ जून १९४६ रोजी ब्रिटिशांनी मोठी झडती घेतली तेव्हा यागूर किबुत्सात त्यांना ३०० हून अधिक रायफली आणि ४ लाखांवर गोळ्या मिळाल्या. जमिनीत पुरलेल्या शस्त्रालाही पेटीच लागते, आणि ती पेटी ओल अडवू शकली नाही तर वर्षभरात आतील रायफल भंगार होते.

कांद्याबटाट्यांखालच्या रायफली

नोव्हेंबर १९४७ मध्ये फाळणीचा ठराव झाला आणि लढाई सुरू झाली. डिसेंबरमध्ये अमेरिकेने या भागात शस्त्रे पाठविण्यास बंदी घातली. ब्रिटिशांचे आरमार किनाऱ्यावर पहारा देत होते. अशा वेळी हागानाचे प्रतिनिधी एहुद अव्रिएल यांनी प्राग येथे खरेदी जमविली. कागदोपत्री गिऱ्हाईक म्हणून इथिओपियाचे नाव पुढे करण्यात आले होते. १४ जानेवारी १९४८ च्या करारात ४,५०० रायफली आणि २०० मशीनगन होत्या. माल तयार होता, पैसा होता. परंतु प्रागहून तो भूमध्य समुद्र ओलांडून आणावयाचा कसा, हा प्रश्न होता.

मार्च अखेरीस यरुशलाईमला जाणारे ताफे वाटेत कापले जाऊ लागले. शहरात अन्नपाण्याची टंचाई भासू लागली. दाविद बेन-गुरियन यांनी १,५०० माणसांची मोठी मोहीम काढण्याचा आग्रह धरला. तोवर एवढी माणसे एका ठिकाणी कधी लढविली गेली नव्हती, आणि त्यांच्या हाती देण्याएवढ्या रायफलीही नव्हत्या. ३१ मार्च आणि १ एप्रिलच्या मधल्या रात्री भाड्याने घेतलेले एक अमेरिकन स्कायमास्टर विमान बेत दरास येथील सोडून दिलेल्या ब्रिटिश धावपट्टीवर उतरले. त्यातून २०० रायफली, ४० मशीनगन आणि सुमारे १ लाख ६० हजार गोळ्या उतरविण्यात आल्या. आज ज्या अश्दोद शहरात आपल्या समाजाची मोठी वस्ती आहे, ते शहर १९५६ साली वसले. ती धावपट्टी तेथून फार दूर नव्हती.

त्याच सुमारास ‘नोरा’ नावाचे जहाज युगोस्लावियाच्या किनाऱ्याहून निघून तेल अवीवला लागले. वर कांदे आणि बटाटे रचलेले होते. खाली ४,५०० रायफली, २०० मशीनगन आणि ५० लाख गोळ्या होत्या. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रायफलींचेच वजन सुमारे १८ टन भरते, आणि गोळ्यांचे वजन शंभर टनांच्या वर जाते. एवढा भार भाजीच्या थराखाली दडवावयाचा, तो समुद्रात हलू द्यावयाचा नाही, आणि बंदरात उतरवून रातोरात तुकड्यांपर्यंत पोहोचवावयाचा. हे काम सुट्या रायफलींनी होणे शक्य नव्हते. माल नीट बांधलेला, मोजलेला आणि दोन माणसांच्या हाताला पेलणारा होता, म्हणून ते झाले.

तरुणांच्या हाती त्या रायफली आल्या तेव्हा त्यांवर ग्रीसचा जाड थर होता. तो पुसून, नळ्या साफ करून ते थेट मोहिमेवर गेले. ‘नाख्शोन’ या नावाने ओळखली जाणारी ही मोहीम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली आणि अन्नधान्याचे ताफे यरुशलाईमला पोहोचले. २८ एप्रिलला आणखी १०,००० रायफली समुद्रमार्गे आल्या. संपूर्ण व्यवहारात चेकोस्लोव्हाकियाकडून ३४,५०० रायफली मिळाल्या. त्यांतील काहींवर नाझी जर्मनीचे ठसे होते. ज्यांनी आपल्या बांधवांचा संहार केला त्यांच्यासाठी घडलेले पोलाद वाचलेल्यांच्या रक्षणास लागले, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

पेट्यांच्या या कथेत एक विलक्षण प्रकरण ‘लिनो’ जहाजाचे आहे. या जहाजातून सुमारे ८,००० रायफली सीरियाकडे जात होत्या. त्याही चेकोस्लोव्हाकियातूनच घेतलेल्या होत्या. एप्रिल १९४८ मध्ये इटलीतील बारी बंदरात हागानाच्या माणसांनी स्फोट घडवून ते बुडविले. पुढे पाण्याखालून रायफली वर काढण्यात आल्या, त्या साफ करून ‘आर्जिरो’ या दुसऱ्या जहाजावर चढविल्या गेल्या. आणि ऑगस्टमध्ये इस्राएलच्या आरमाराने समुद्रात तो माल ताब्यात घेतला. शत्रूसाठी निघालेल्या रायफली समुद्राच्या तळाचा मुक्काम करून अखेर इस्राएलच्याच फौजेत दाखल झाल्या.

पेट्या गेल्या कोठे

रायफली टिकल्या. त्या इस्राएलच्या फौजेत वर्षानुवर्षे राहिल्या, कित्येकांच्या नळ्या बदलून त्या ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी केल्या गेल्या, आणि पुढे परदेशी विकल्या जाऊन अमेरिकेतील संग्राहकांपर्यंतही पोहोचल्या. पेट्यांचे तसे झाले नाही. याचे कारण उघड आहे. या देशात लाकूड नेहमीच दुर्मिळ. १९४९ नंतर ‘त्सेना’चे, म्हणजे काटकसरीचे दिवस आले. माबारातील तंबूत आणि पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी नारिंगांच्या खोक्यांची कपाटे आणि बाके केली, हे सर्वश्रुत आहे. त्या दिवसांत एखादी मजबूत, मीटरभराहून लांब, सरळ फळ्यांची पेटी कोणाच्या हाती लागली असेल तर ती कोणी इतिहास म्हणून जपून ठेवली असेल असे मानणे कठीण. तिचे फळकुटे झाले, पलंग झाला, कोंबड्यांचे खुराडे झाले, नाहीतर हिवाळ्यात चुलीत गेली. त्यात दोष कोणाचाच नाही. गरजू माणसाने लाकडाचा उपयोग केला.

परंतु त्यामुळे पुराव्याचा एक प्रकार नष्ट झाला. रायफलीवरील क्रमांक तिचा कारखाना सांगतो. ती कोणत्या मार्गाने, कोणत्या नावाखाली, कोणत्या बंदरातून आली हे पेटीच सांगू शकते. गुप्त व्यवहारात तर कागदपत्रे मुद्दामच खोटी असतात. अशा ठिकाणी फळीवरचा अर्धवट पुसलेला ठसा कागदाहून अधिक बोलका ठरतो.

शोधणे आणि नव्याने घडविणे

आज संग्रहालये, निवृत्त सैनिकांच्या संघटना आणि हौशी संग्राहक जुन्या रायफलींच्या पेट्या शोधतात. न मिळाल्यास नव्याने करवून घेतात. दोन्ही गोष्टी योग्य आहेत, मात्र त्या डोळसपणे झाल्या पाहिजेत.

जुनी म्हणून दाखविलेली पेटी पारखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. चौकोनी कापीव खिळे एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवितात; गोल तारेचे खिळे नंतरचे. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पसरले. तेव्हा पहिल्या महायुद्धातील म्हणून सांगितलेल्या पेटीत ते दिसले तर निदान तो भाग तरी बदललेला आहे असे समजावे. परदेशी पाठवावयाच्या लाकडी वेष्टनावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला ठसा मारण्याचा आंतरराष्ट्रीय नियम २००२ साली आला. ते चिन्ह असलेली फळी १९४८ ची असणे शक्यच नाही. आतील खाचांकडेही पाहावे. खरोखर रायफली वाहिलेल्या पेटीत खाचांच्या कडा दबलेल्या असतात आणि ग्रीस लाकडात खोल मुरलेले असते. नुसता वरून तेलाचा हात फिरविला तर तसा परिणाम साधत नाही.

नवी पेटी घडविणाऱ्याने प्रथम पुरावे गोळा करावेत. शिल्लक राहिलेली एखादी पेटी, तिचे तुकडे, त्या काळची छायाचित्रे, सैन्याच्या कोठारखात्यातील आराखडे आणि खुद्द रायफल, असे हे पुरावे होत. यांपैकी काहीच नसले तरी रायफल तरी हाती असते, आणि आतील मापे तिच्यावरूनच निघतात. पेटीची लांबी रायफलीच्या लांबीहून थोडी अधिक, रुंदी दस्त्यांच्या उलटसुलट मांडणीवरून, उंची थरांच्या संख्येवरून, असा हिशेब बसतो. बाहेरची मापे, मुठींची जागा आणि अक्षरांची ठेवण मात्र अंदाजाने ठरवू नये. तेथे छायाचित्राचाच आधार घ्यावा. आपल्यातील जे ज्येष्ठ सुतारकाम जाणतात त्यांना हे सांगणे न लगे की, सांध्याची जात बदलली तर पेटीचा काळही बदलतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रामाणिकपणाची आहे. प्रतिकृती ही प्रतिकृती म्हणूनच ओळखली गेली पाहिजे. तळाशी किंवा झाकणाच्या आतल्या बाजूस ती कोणत्या वर्षी आणि कोणत्या पुराव्यावरून केली हे कायमचे कोरून ठेवावे. लाकूड काळे करून, गंज लावून, ठसे अर्धवट पुसून ती जुनी भासविण्याचा मोह टाळावा. आज गंमत म्हणून केलेली लबाडी पन्नास वर्षांनंतर संग्रहालयात पुरावा म्हणून मांडली जाते, आणि मग इतिहासात शिरलेले ते असत्य काढून टाकणे कोणालाच जमत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण पेटी ठेवणार, त्यांच्या नावाला हे शोभणारे नाही.

हिब्रूत पेटीला ‘अर्गाज’ म्हणतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. हा शब्द शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील सहाव्या अध्यायात येतो. पलिष्ट्यांनी पवित्र कोश परत पाठविला तेव्हा त्याच्या बाजूस सोन्याच्या वस्तूंची एक पेटी ठेवली होती, तिला तेथे हेच नाव आहे. साध्या पेटीलाही ग्रंथात जागा मिळाली, कारण आत काय होते आणि ती कोठून कोठे गेली हे पुढच्या पिढ्यांना कळणे आवश्यक होते. १९४८ च्या पेट्यांच्या बाबतीत हेच काम आपल्या पिढीकडे आले आहे.

तेव्हा वाचकांस आमची विनंती अशी. बेर शेवा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला येथील आपल्या घरांच्या माळ्यावर, गोदामात, किंवा एखाद्या शेजाऱ्याच्या अंगणात जुनी लांबट लाकडी पेटी असेल, तर ती फोडण्यापूर्वी एकदा नीट पाहावी. आत खाचा पाडलेल्या पट्ट्या आहेत काय, बाजूला अक्षरे अथवा आकडे आहेत काय, हे तपासावे. असतील तर रंध्याला किंवा रंगाला हात न लावता तिची छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहून ठेवावीत, ती कोणाकडून कशी आली ही हकीगत घरातील वडीलधाऱ्यांकडून टिपून घ्यावी आणि जवळच्या संग्रहालयास कळवावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ती घासू नये. मुलांच्या खेळण्यातही देऊ नये. आणि जमिनीत पुरलेली अथवा अजून बंद असलेली पेटी आढळली तर ती स्वतः मुळीच उघडू नये. सरळ पोलिसांस बोलवावे. कारण जुना दारूगोळा वर्षांनी निर्धोक होत नाही, उलट अधिक बेभरवशाचा होतो.

ज्या तरुणांनी त्या एप्रिलमध्ये ग्रीस पुसून रायफली हाती घेतल्या, त्यांच्यापैकी आज फार थोडे उरले असतील. त्यांच्या रायफली काचेआड सुरक्षित आहेत. त्या रायफली त्यांच्या हाती पोहोचविणाऱ्या पेट्यांपैकी एखादी जरी आपल्या प्रयत्नाने सापडली, तरी या इतिहासातील एक रिकामी जागा भरून निघेल.